स्नॅपशॉटवरून डेटाबेस : परत काय येतं, मागे काय राहतं

क्लाउडवरचा डेटाबेस बिघडला आणि कालच्या स्नॅपशॉटवरून तो परत आणायची आज्ञा दिली, तरी बिघडलेल्या डेटाबेसला त्या आज्ञेचा स्पर्श होत नाही. तो आपल्या जागी, आपल्या सगळ्या चुकांसकट चालूच राहतो. त्याच्या शेजारी वेगळ्या नावाचा, वेगळ्या पत्त्याचा दुसरा डेटाबेस उभा राहतो. ॲमेझॉनच्या आरडीएस या सेवेची रचनाच तशी आहे, आणि हे काम पहिल्यांदा अंगावर पडलेल्या माणसाची तारांबळ इथूनच सुरू होते. आपण मागे जातोय असं त्याला वाटत असतं. प्रत्यक्षात त्याने एक नवं यंत्र मागवलेलं असतं, आणि ते जुन्याच्या जागी बसवायचं काम अजून कुणी हातात घेतलेलं नसतं.

हा आढावा त्या बसवण्याच्या कामाचा आहे. स्नॅपशॉटमध्ये डेटा असतो. डेटाबेस चालता ठेवायला बाकीचं जे लागतं, म्हणजे नेटवर्कचे नियम, इंजिनाच्या सेटिंग, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या, देखरेखीचे इशारे, त्यातलं फार थोडं स्नॅपशॉटबरोबर येतं. ही माहिती ऑफिसातल्या दोन अनुभवी लोकांच्या डोक्यात ठेवली तर रात्री दोन वाजता ती सापडत नाही. ती कोडमध्ये उतरवायला हवी, आणि काही बिघडलेलं नसताना तो कोड पुन्हा पुन्हा चालवून पाहायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईच्या उपनगरांचा या प्रश्नाशी जुना संबंध आहे. अंधेरी पूर्वेला सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३ साली सुरू झालं, तेव्हापासून संगणकाचं काम इथे रुजलं. पण डेटा बराच काळ आपापल्या इमारतीतच राहायचा: गाळ्याच्या कोपऱ्यात एसी लावलेली छोटी खोली, तिच्यात सर्व्हर, रात्री टेपवर बॅकअप. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याला त्याच दिवशी ७३. मिठी नदीच्या काठाने कुर्ला, कलिना भागांतले तळमजले पाण्याखाली गेले. अशा वेळी टेप सुखरूप असून भागत नाही. ती वाचणारं यंत्र, ते चालवणारा माणूस आणि कोरडी जागा, हे सगळं लागतं. पुढे क्लाउड आलं. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबईत केंद्रं उघडली, ॲमेझॉनचा मुंबई विभाग जून २०१६ मध्ये सुरू झाला, गूगलचा २०१७ मध्ये. त्यानंतर मरोळ किंवा मुलुंडच्या छोट्या कंपनीलाही एका आज्ञेवर डेटाबेस मिळू लागला आणि यंत्राची, टेपची काळजी मिटली. आपला डेटाबेस नेमका कसा मांडलेला आहे हे लिहून ठेवायची सवय मात्र बऱ्याच ठिकाणी कधी लागलीच नाही.

उदाहरणासाठी मुलुंडमधली एक पॅथॉलॉजी लॅब डोळ्यांसमोर ठेवू. लॅब कल्पनेतली आहे, पण तिच्यासारख्या कितीतरी आहेत. भांडुप, घाटकोपर, ऐरोलीला तिची कलेक्शन सेंटर आहेत. रुग्णाची नोंद, तपासण्या, रिपोर्ट, बिल हे सगळं आरडीएसवरच्या मायएसक्यूएलमध्ये आहे. एका सकाळी कुणीतरी जुन्या नोंदी साफ करणारी आज्ञा चालवतो आणि तारखेची अट चुकते. नोंदी गेल्या. इथे पहिला गैरसमज दूर करायला हवा. लॅबने दोन वेगळ्या केंद्रांत जोडप्रत ठेवलेली असते, तिला मल्टी-एझेड म्हणतात. एका केंद्राची वीज गेली, डिस्क मेली, तर ती तारून नेते. चुकीच्या आज्ञेपुढे तिचा काही उपयोग नाही, कारण ती आज्ञा जोडप्रतीवरही त्याच क्षणी पाळली जाते. अशा वेळी हाताशी उरतात ते स्नॅपशॉट आणि व्यवहारांचे लॉग.

स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीच्या डिस्कची प्रत. डेटाबेस तेव्हा चालू असतो, काही व्यवहार अर्ध्यावर असतात. मग प्रत सुसंगत कशी? याचं उत्तर क्लाउडपेक्षा खूप जुनं आहे. एखादा बदल मूळ पानावर करण्याआधी तो लॉगमध्ये लिहायचा, आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर लॉग वाचून पूर्ण झालेले व्यवहार पुढे न्यायचे, अर्धवट राहिलेले उलटवायचे. आयबीएममध्ये सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेली ‘एरीज’ ही पद्धत या विचाराची सर्वांत प्रसिद्ध मांडणी. जगभरच्या कॉलेजांत हा विषय ज्या ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ या पुस्तकातून शिकवला जातो, त्याच्या तीन लेखकांपैकी एक, एस. सुदर्शन, आपल्या पवईच्या आयआयटीतले. सिल्बरशॅट्झ आणि कोर्थ यांच्याबरोबर तिसऱ्या आवृत्तीपासून त्यांचं नाव आहे. त्यातलं रिकव्हरीचं प्रकरण परीक्षेपुरतं वाचून सोडलेल्या इंजिनिअरांना मी ते पुन्हा उघडायला आवर्जून सांगतो. स्नॅपशॉटवरून उठलेला डेटाबेस आपल्याला अचानक वीज गेली होती असंच समजतो आणि त्या प्रकरणात लिहिलंय तसाच वागतो. प्रत्येक इंजिनाचे तपशील वेगळे. पोस्टग्रेस जुन्या ओळी जपून ठेवतो, म्हणून त्याला फक्त पुढे चाल करावी लागते. मायएसक्यूएलचं इनोडीबी दोन्ही दिशांना काम करतं.

स्नॅपशॉट आणि लॉग एकत्र वापरले की हव्या त्या क्षणाला परत जाता येतं. आरडीएस साधारण दर पाच मिनिटांनी लॉग बाजूला साठवतो, त्यामुळे शेवटची पाच मिनिटं सोडली तर मधला कोणताही सेकंद निवडता येतो. ही मुदत जास्तीत जास्त ३५ दिवसांची. इथे कोडने डेटाबेस बनवणाऱ्यांना एक खाच आहे. वेबवरच्या पॅनलमधून डेटाबेस बनवला तर मुदत आपोआप सात दिवसांची होते; कोडमधून थेट ॲमेझॉनच्या एपीआयने बनवला आणि मुदत सांगितली नाही, तर एकच दिवस. शनिवारी झालेली चूक सोमवारी लक्षात आली की तो एक दिवस केव्हाच उलटून गेलेला असतो.

दुसरी खाच घड्याळाची. कोडमध्ये वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत द्यायची असते आणि भारताचं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. लॅबमध्ये चूक झाली सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी, तर मागायचा क्षण ०६:११. गडबडीत ११:४१ लिहिलं, तर त्याचा अर्थ संध्याकाळचे ५ वाजून ११ मिनिटं. तो क्षण अजून आलाच नसेल तर आज्ञा नाकारली जाते आणि माणूस वाचतो. पण हे काम रात्री चाललं असेल, तर आज्ञा निमूट पाळली जाते आणि चुकीसकटचा डेटाबेस मोठ्या मेहनतीने पुन्हा उभा राहतो. म्हणून स्क्रिप्टने वेळ भारतीय घड्याळाची घ्यावी, रूपांतर स्वतः करावं, आणि दोन्ही वेळा छापून होकार मागावा.

आता नव्या डेटाबेसबरोबर काय येत नाही ते पाहू. आज्ञेत सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे नेटवर्कच्या नियमांचा गट, सांगितला नाही, तर नव्या डेटाबेसला त्या नेटवर्कचा डीफॉल्ट ग्रुप लागतो. ॲप्लिकेशन जोडणी मागतं आणि उत्तराची वाट पाहत थांबून राहतं. पासवर्ड चुकला असता तर तसा स्पष्ट नकार आला असता. इथे नुसती शांतता असते, आणि डेटाबेस अजून उठलाच नाही असं वाटून अर्धा तास वाया जातो. मल्टी-एझेड, चुकून पुसण्याविरुद्धचं संरक्षण, वाचनासाठीच्या जादा प्रती, देखरेखीचे इशारे हे सगळं पुन्हा सांगावं किंवा जोडावं लागतं. पासवर्डही स्नॅपशॉटच्या वेळचे परत येतात. पंधरवड्यापूर्वीच्या प्रतीवरून डेटाबेस उठवला आणि मधे पासवर्ड बदललेला असला, तर ॲप्लिकेशनकडचा नवा पासवर्ड परत आलेल्या डेटाबेसला ओळखीचा नसतो.

या सगळ्यांत मला सर्वांत घातक वाटतो तो इंजिनाच्या सेटिंगचा पॅरामीटर ग्रुप. आज्ञेत त्याचं नाव नसेल तर इंजिनाचा डीफॉल्ट ग्रुप लागतो आणि कुठेही एरर दिसत नाही. लॅबने आपल्या ग्रुपमध्ये डेटाबेसची वेळ भारतीय ठेवली होती. डीफॉल्टमध्ये ती यूटीसी असते. सकाळी सात वाजता घेतलेल्या उपाशीपोटीच्या रक्ताच्या नमुन्यावर आता रात्री दीडची वेळ पडते. पहाटे साडेपाचच्या आधीच्या नोंदी आदल्या तारखेत जातात. मायएसक्यूएल ५.७ सारख्या जुन्या आवृत्तीत आणखी एक गोष्ट होते. तिथे सर्व्हरची डीफॉल्ट अक्षरमाला लॅटिन आहे. आधीच्या तक्त्यांना काही होत नाही, पण रिस्टोअरनंतर वेगळं न सांगता नवा स्कीमा बनवला, तर त्यातल्या तक्त्यांत देवनागरी नाव टिकत नाही, प्रश्नचिन्हं साठतात. आवृत्ती ८ मध्ये हा दोष गेला. वेळेचा प्रश्न तिथेही आहे. दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या डॉक्टरने फोन करून विचारेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि तोवर चुकीच्या आणि बरोबर वेळांची सरमिसळ इतकी झालेली असते की ती सोडवायला वेगळी मोहीम काढावी लागते. म्हणून रिस्टोअरच्या कोडमध्ये शेवटी एक तपासणी हवीच: नव्या डेटाबेसला आत्ताची वेळ विचारा, अक्षरमाला विचारा, एक मराठी नाव लिहून परत वाचा, आणि जमलं नाही तर दार उघडू नका.

‘उपलब्ध’ या स्थितीचाही अर्थ नीट समजून घ्यायला हवा. आरडीएस नवा डेटाबेस उपलब्ध असल्याचं सांगतो तेव्हा सगळा डेटा डिस्कवर आलेला नसतो. तो मागून येत राहतो, आणि अजून न आलेलं पान कुणी मागितलं तर ते साठ्यातून तेव्हा ओढलं जातं. त्यामुळे पहिले काही तास साध्या शोधालाही फार वेळ लागू शकतो. मोठ्या डेटाबेसवर अशा वेळी गर्दीचं ॲप्लिकेशन सोडलं तर जोडण्या तुंबतात आणि नवा डेटाबेसही कोसळला असा समज होतो. आधी रोजच्या वापरातले तक्ते पूर्ण वाचून घ्यावेत, मग दार उघडावं. मालकाला किती वाजता सुरू होईल हे सांगताना हा वेळ धरूनच सांगावं.

कोडची बाजू आता थोडी तपशिलात. पायथनच्या बोटो३ या लायब्ररीत या कामाला एकच मोठ्या नावाची आज्ञा आहे, रिस्टोअर-डीबी-इन्स्टन्स-फ्रॉम-डीबी-स्नॅपशॉट. ती काम सुरू करून लगेच परतते. काम पूर्ण होण्याची वाट वेगळ्या वेटरने पाहायची. हा वेटर मुळात दर तीस सेकंदांनी साठ वेळा विचारतो, म्हणजे अर्धा तास. त्याहून जास्त वेळ लागला की स्क्रिप्ट अपयशाचा संदेश देऊन थांबते, पण तिकडे डेटाबेस उभा राहतच असतो. घाबरलेला माणूस तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवतो आणि त्या नावाचा डेटाबेस आधीच आहे असा नकार मिळतो. चांगली स्क्रिप्ट प्रत्येक टप्प्यावर आधी परिस्थिती विचारते: हा डेटाबेस आहे का, कुठल्या स्थितीत आहे, कुठल्या स्नॅपशॉटवरून आला. जे झालंय ते सोडून पुढून सुरू करते. सेटिंग बदलण्याची आज्ञा दिल्यावरही अशीच गंमत होते. काही क्षण स्थिती ‘उपलब्ध’च दिसत राहते, वेटर खूश होऊन पुढे जातो, आणि बदल अजून लागलेलाच नसतो. मागितलेलं मूल्य आणि आत्ताचं मूल्य यांची तुलना केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सेटिंग आणायच्या कुठून? बरेच जण जुन्या डेटाबेसलाच विचारून घेतात आणि ती नव्याला लावतात. जुना जागेवर आहे तोवर हे ठीक. तो कुणी पुसूनच टाकला असेल तर विचारणार कुणाला? सगळी सेटिंग गिटमध्ये फाइल म्हणून ठेवावी, आणि रोज एकदा चालत्या डेटाबेसशी तिची तुलना करून फरक पडला तर कळवावं.

मग सगळं टेराफॉर्मवर, म्हणजे वर्णन देऊन यंत्रणा उभारणाऱ्या साधनावरच का सोडू नये, असं विचारलं जातं. टेराफॉर्ममध्ये डेटाबेसच्या वर्णनात स्नॅपशॉटचं नाव देता येतं. पण ते नाव बदललं की टेराफॉर्मच्या लेखी तो वेगळा डेटाबेस ठरतो, आणि सरळ वाटेने गेलं तर तो जुना पाडून नवा उभारतो. त्याहून वाईट म्हणजे ‘सर्वांत ताजा स्नॅपशॉट’ असं लिहून ठेवणं. रोज रात्री नवा स्नॅपशॉट होतो, रोज सकाळी नाव बदलतं, आणि भलत्याच कामासाठी चालवलेल्या आज्ञेच्या आराखड्यात डेटाबेस पाडण्याची ओळ येऊन बसते. त्या नावातला बदल दुर्लक्षित करायला सांगणारी ओळ तिथे लिहायलाच हवी. ॲमेझॉनच्या क्लाउडफॉर्मेशन या तशाच साधनात सापळा उलट्या बाजूने आहे. स्नॅपशॉटचं नाव देऊन डेटाबेस उभा केला, की ते नाव पुढच्या प्रत्येक बदलात तसंच ठेवावं लागतं. काम झालं म्हणून कुणी ती ओळ काढली, तर रिकामा नवा डेटाबेस तयार होतो आणि मूळचा काढून टाकला जातो. ॲमेझॉनच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पण नीटनेटकेपणाच्या हौशीने फाइल साफ करणारा माणूस तो परिच्छेद वाचत नाही. हे सगळं पाहता माझं मत असं: संकटात डेटाबेस उभा करायला साधी, टप्प्याटप्प्याची स्क्रिप्ट वापरावी, आणि सगळं स्थिर झाल्यावर नवा डेटाबेस टेराफॉर्मच्या नोंदीत दाखल करून घ्यावा. अंतिम अवस्था सांगणारी साधनं रोजच्या कामाला उत्तम आहेत. पण रिस्टोअर करताना पावलांचा क्रम महत्त्वाचा असतो, आणि प्रत्येक पावलानंतर माणसाने थांबून पाहणंही.

ॲमेझॉनचंच ऑरोरा हे इंजिन वापरणाऱ्यांसाठी एक ओळ पुरे: तिथे स्नॅपशॉटवरून फक्त क्लस्टर येतो, त्यात इन्स्टन्स वेगळा बनवावा लागतो, नाहीतर सगळा डेटा जागेवर असूनही जोडणी घ्यायला कुणीच नसतं. मायक्रोसॉफ्टचा अझूर एसक्यूएलही नवाच डेटाबेस देतो. गूगलच्या क्लाउड एसक्यूएलमध्ये मात्र बॅकअप त्याच चालत्या इन्स्टन्सवर ओतता येतो आणि आधीचा डेटा त्याखाली जातो. एका क्लाउडवर हात बसलेल्या माणसाने दुसऱ्यावर जाताना हा फरक पक्का लक्षात ठेवावा.

नवा डेटाबेस जागेवर बसवायचा म्हणजे त्याला जुन्याचं नाव द्यायचं. आरडीएसचा पत्ता नावातूनच बनतो, म्हणून जुन्याचं नाव आधी बदलायचं, मग ते नव्याला द्यायचं. दुसरा मार्ग म्हणजे आपल्या डोमेनचा एक मधला पत्ता ठेवायचा आणि तो फिरवायचा. हा सोपा दिसतो, पण एन्क्रिप्टेड जोडणीत नावाची कडक पडताळणी लावली असेल तर ॲमेझॉनच्या प्रमाणपत्रावर आपला मधला पत्ता नसतो आणि जोडणी तुटते. कोणताही मार्ग घ्या, ॲप्लिकेशनने धरून ठेवलेल्या जुन्या जोडण्या सोडवायला ते पुन्हा सुरू करावंच लागतं. आणि जुना डेटाबेस काही दिवस तरी पुसू नये: त्याच्या आधीच्या कोणत्याही क्षणाला जाण्याची सोय त्याच्याशी बांधलेली असते.

मात्र आपल्या लॅबच्या प्रसंगात अदलाबदल करावीच लागेल असं नाही. स्नॅपशॉटमध्ये सगळा इन्स्टन्स असतो, एकच तक्ता त्यातून परत आणता येत नाही. पण नवा इन्स्टन्स शेजारी उभा करून त्यातून गेलेल्या ओळी तेवढ्या काढून चालत्या डेटाबेसमध्ये घालता येतात. चुकीनंतर आलेले नवे रुग्ण जागेवर राहतात. चुकून पुसलेल्या नोंदींसाठी मी नेहमी हाच मार्ग आधी तपासायला सांगेन.

पूर्ण अदलाबदल करावीच लागली, तर मधल्या वेळेचं काय? डेटाबेस ११:४१ ला गेला. खरं जग दुपारी तीनवर आहे. मधे रिपोर्ट छापले गेले, रुग्णांच्या फोनवर पोचले, यूपीआयने पैसे आले. पैशांचा हिशेब बँकेच्या सेटलमेंट फाइलवरून जुळवता येतो, तपासण्यांचे आकडे विश्लेषण यंत्रांच्या स्वतःच्या साठ्यातून बऱ्याचदा परत मिळतात. पण एक धोका याहून मोठा आहे. डेटाबेस मागे गेला की त्याचा अनुक्रमांकही मागे जातो. दुपारी बारा वाजता एका आजोबांच्या रिपोर्टला मिळालेला क्रमांक आता संध्याकाळी दुसऱ्याच मुलीच्या रिपोर्टला मिळेल. एकाच क्रमांकाचे दोन कागद, दोन माणसं. रुग्णालयात त्या क्रमांकावरून औषध ठरत असेल तर पुढचं सांगायला नको. उपाय सोपा आहे: दार उघडण्याआधी सगळे अनुक्रमांक भरपूर पुढे ढकलायचे. ही एक ओळ रिस्टोअरच्या कोडमध्ये नसेल, तर ती ऐनवेळी कुणालाही आठवत नाही.

सराव का हवा, हे सांगायला गिटलॅबची घटना अजूनही सर्वांत उपयोगी, कारण त्या कंपनीने ती उघडपणे, तपशिलासह मांडली. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री काम करणाऱ्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाची डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. रोजचे बॅकअप पाहिले तर तेही नव्हते. बॅकअपचं साधन पोस्टग्रेस ९.२ चं होतं, डेटाबेस ९.६ चा, आणि रोजच्या अपयशाचे ईमेल पोचतच नव्हते. त्यांना तारलं ते सहा तासांपूर्वी कुणीतरी चाचणीसाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने. तो परत आणायला संथ डिस्कमुळे जवळपास पूर्ण दिवस गेला. सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० शेरे आणि ७०० नव्या सदस्यांच्या नोंदी गेल्या. बॅकअपची व्यवस्था कागदावर होती. ती कुणी उभी करून पाहिली नव्हती.

आपल्याकडे वांद्रे-कुर्ला संकुलात राष्ट्रीय शेअर बाजाराची घटना घडली ती २४ फेब्रुवारी २०२१ ची. दूरसंचाराच्या दुव्यांतल्या बिघाडानंतर साठवणुकीची यंत्रणा आणि जोखीम मोजणारी प्रणाली अडकली, ११:४० ला व्यवहार थांबले आणि दुपारी ३:४५ ला पुन्हा सुरू होऊन पाचपर्यंत चालले. पर्यायी केंद्र होतं, पण व्यवहार तिकडे वळवले गेले नाहीत. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम कडक केले: तीस मिनिटांत आपत्ती जाहीर करायची, त्यानंतर पंचेचाळीस मिनिटांत पर्यायी केंद्रावर जायचं, आणि पंधरा मिनिटांपेक्षा जास्त डेटा जाता कामा नये. २०२४ मध्ये २ मार्च आणि १८ मे या दोन शनिवारी बाजार मुद्दाम उघडून खरे व्यवहार पर्यायी केंद्रावरून करून दाखवले गेले. मला हा सराव फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात खऱ्या ग्राहकांचे खरे सौदे होते. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२३ च्या निर्देशांतही बॅकअप ठरावीक काळाने प्रत्यक्ष रिस्टोअर करून तो वापरण्याजोगा आहे का ते पाहायला सांगितलं आहे. मुलुंडच्या लॅबला हे नियम लागू नाहीत. तिच्या रुग्णांना मात्र अशा सरावाची गरज तेवढीच आहे.

स्नॅपशॉट कुणाच्या हातात असतात, हाही प्रश्न आहे. कोड स्पेसेस ही कंपनी जून २०१४ मध्ये बंद पडली, कारण तिच्या ॲमेझॉनच्या खात्यात शिरलेल्या माणसाने डेटाबरोबर स्नॅपशॉटही पुसले. दोन्ही एकाच खात्यात होते. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गूगलवरची यंत्रणा गूगलच्याच एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसली गेली. सहा लाखांहून अधिक सदस्य आठवड्याहून जास्त काळ अडकले, पण वेगळे ठेवलेले बॅकअप असल्याने निधी पुन्हा उभा राहिला. आरडीएसमध्ये डेटाबेस पुसताना वेगळं सांगितलं नाही तर आपोआप घेतलेले स्नॅपशॉटही त्याच्याबरोबर जातात, हाताने घेतलेले राहतात. म्हणून प्रत दुसऱ्या खात्यात हवी. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई आणि उपनगरांची वीज एकदम गेली होती, हे आठवून ती दुसऱ्या शहरातही असावी. ॲमेझॉनचा हैदराबाद विभाग २०२२ पासून आहे, त्यामुळे डेटा देशातच राहतो. पण ॲमेझॉनच्या स्वतःच्या डीफॉल्ट किल्लीने एन्क्रिप्ट केलेला स्नॅपशॉट दुसऱ्या खात्याला देता येत नाही; त्यासाठी सुरुवातीपासून आपली स्वतःची किल्ली हवी. आणि ती किल्ली कुणी पुसायला लावली, तर सात ते तीस दिवसांच्या मुदतीनंतर सगळे स्नॅपशॉट कायमचे निरुपयोगी होतात. त्या मुदतीत कुणाला इशारा जातो, हे लॅबच्या मालकानेही विचारावं.

सरावासाठी उभा केलेला डेटाबेस खऱ्या रुग्णांचा असतो, हे विसरू नये. त्यात शिल्लक असलेले पाठवायचे संदेश एखादं ॲप्लिकेशन उचलून पुन्हा पाठवू शकतं. मायएसक्यूएलच्या आत लावलेली वेळापत्रकंही जागी होऊ शकतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ चे. पुरेशी सुरक्षा न राखल्याबद्दल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो, आणि सरावाची प्रत त्यातून सुटलेली नाही. तिचं बिलही ती पुसेपर्यंत चालूच राहतं. म्हणून सरावाच्या स्क्रिप्टला शेवटी डेटाबेस मोडणारा टप्पा लागतो, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याच टप्प्याची वाटते, कारण तो डेटाबेस पुसणारा कोड आहे आणि दर आठवड्याला माणूस जागेवर नसताना चालतो. तो वेगळ्या खात्यात चालवावा, जिथून खऱ्या डेटाबेसला हात लावायची परवानगीच नाही. त्याने फक्त स्वतः उभारलेला, ठरलेल्या नावाने सुरू होणारा डेटाबेस पुसावा, आणि पुसण्याआधी तीन गोष्टी नोंदवून ठेवाव्यात: आज्ञा दिल्यापासून पहिला रिपोर्ट उघडेपर्यंत किती मिनिटं लागली, शेवटची नोंद कितीची होती, आणि कुठल्या टप्प्यावर माणसाला मधे पडावं लागलं.